लपवलेलं दुखणं

साक्रीच्या कमलबाई धुळ्याला लेकीकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करू लागायला आल्या होत्या. गच्चीवर खाटेवर धोतर पसरून त्या आणि विहीण बेबाबाई बिबडे थापत होत्या. लेक रूपा खालून शिजवलेल्या पिठाचा गरम घाटा आणून देत होती. बेबाबाई पाणी प्यायला उतरल्या, तशी कमलबाईंनी रूपाला हळूच विचारलं, "गोया लेस ना वं?"

"बंद कऱ्यात, माय. सासूबाई ईचारतीस, कसान्या गोया शेतस."

रूपाला लग्नाआधीच रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार निघाला होता. गोळ्या सोडायच्या नाहीत, असं नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आजारी पोर कोण करणार? म्हणून आईबापांनी ब्र न काढता तिला उजवून टाकलं. आपल्याकडे याला अब्रू सांभाळणं म्हणतात, बरं का.

दुपारी रूपाच्या हातून पातेलं सुटलं. तोंड वाकडं झालं, बोलणं कळेना. नवरा हेमराज तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. कमलबाई आणि त्यांना परत न्यायला आलेले त्यांचे यजमान रुपचंदही बरोबर धावले.

डॉक्टर घाईत होते. "मेंदूकडच्या नसेत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन देतोय. आधीचा काही आजार? रक्तवाहिन्यांना सूज वगैरे? असेल तर मेंदूत रक्तस्रावाची भीती वाढू शकते, आधी तपासावं लागेल."

"काहीच नाही," हेमराज म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

कमलबाई बोलणार, तोच रुपचंदनी त्यांचं मनगट दाबलं. "उगी ऱ्हाय. सारिकानं लगीन ऱ्हायनं शे." धाकट्या लेकीला, सारिकाला, अमळनेरचं स्थळ आलं होतं. कमलबाईंनी तोंड मिटलं. इंजेक्शन दिलं गेलं.

संध्याकाळपर्यंत रूपाच्या मेंदूत रक्त पसरलं. तेव्हा कुठे कमलबाईंनी रडत खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ती वाचलीच असती असं नाही म्हणणार मी. पण हे कळलं असतं तर थांबलो असतो, दुसरा उपाय बघितला असता."

सकाळी रूपा गेली.

साक्रीला दारावर, दुखवट्याला भेटायला अमळनेरचे पाहुणेही आले. "तरनीताठी पोर, काय व्हयनं तिले?"

"नशीब, दुसरं काय," रुपचंद मान खाली घालून म्हणाले.

"नशीब नही." कमलबाई बायकांतून उठल्या. "तिन्या नसेसले सूज व्हती. आम्हीन दपाडं, कोनले सांगं नही. डॉक्टरनी ईचारं, तरी मी तोंड उघाडं नही. तुमनापाईन बी दपाडनार व्हतूत."

पाहुणे चहा न घेताच निघाले. "आते सारिकाले कोन करी?" रुपचंद बायकोवर ओरडले.

रागावू नका वाचकहो, पण खरं सांगा. रूपाचं दुखणं आधी सांगितलं असतं, तर तुम्ही तिला सून करून घेतली असती?