मावशी कुठे जागी झाली

सोलो शहरात कुणी तुमचं नाटक ऐकून “छान आहे” म्हटलं तर लगेच फुलून जाऊ नये. तिथल्या माणसाचं “छान” म्हणजे नुसतं “ऐकलं बरं का”. वेनिंग त्याच शहरात वाढलेली, तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण नाटक आपलं असलं की माणूस आपलीच भाषा विसरतो. नाट्यशाळेतल्या मैत्रिणी एकीमागून एक “छान” म्हणाल्या आणि ही बया आठवडाभर जमिनीवर नव्हती.

मग दर्सोनो सरांनी तिला बोलावून घेतलं. तिने लिहिलेलं नाटक आई आणि मुलीचं. आधी आई चुलीपाशी बसून दगडी खलात मिरच्या वाटते, शहरातून आलेली मुलगी शेजारी बसते, आणि बराच वेळ कुणी अवाक्षर बोलत नाही. मग मुलगी उभी राहते आणि पानभर बोलते. तू आजारी होतीस तेव्हा मी आले नाही, इथपासून सगळं. सर म्हणाले, हे भाषण नाटकाचं काळीज आहे, त्याला हात लावू नकोस. ते वाटण तेवढं उडव, लोक झोपतील. शाळेच्या मंडपात करायला सोमवारी एकच नाटक निवडायचं होतं, आणि वाटण राहिलं तर हे निवडणं कठीण, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं.

वेनिंगची आई गेली तेव्हा वेनिंगची परीक्षा चालू होती. ती आईच्या गावी पोचेपर्यंत माती देऊन लोक घरी परतले होते. ते पानभर भाषण म्हणजे तिचं आईशी बोलायचं राहून गेलेलं सगळं. ते राहणार म्हणून तिने खूश व्हायला हवं होतं. पण वाटण काढायला बसली की हात उचलेना, आणि का ते सांगताही येईना. शेवटी रविवारी दुपारी ती लिंतांगला घेऊन तुमिरा मावशीकडे गेली. लिंतांग म्हणजे नाटकात आई होणारी तिची मैत्रीण. मुलगी वेनिंग स्वतः व्हायची.

तुमिरा मावशी आईची थोरली बहीण. पहाटे बाजाराच्या तोंडाशी बसून नारळाच्या दुधातला भात विकायची. भात कमी वाढला म्हणणारं गिऱ्हाईक तिच्यापुढे दुसऱ्यांदा तोंड उघडत नसे. तिने चटई अंथरली, उशी घेतली, आणि करा म्हणाली.

दुपार पिकून पिवळी झाली होती. झावळ्यांच्या सावल्या भिंतीवर पाण्यासारख्या हलत होत्या. लिंतांग वाटू लागली. घसर, घसर, थोडं थांबून परत घसर. मिरची-लसणाचा वास घरभर पसरला. वेनिंग तिच्या शेजारी गुडघे दुमडून बसली, आणि तिला वाटलं, आपण फार जुन्या कुठल्या तरी दुपारी येऊन बसलो आहोत आणि इथून उठायचं काही कारण नाही. तिने हळूच मान वळवली. मावशी तोंड उघडं टाकून घोरत होती.

सर म्हणाले तेच खरं. वेनिंग रागाने उभी राहिली आणि भाषण जरा जास्तच मोठ्याने म्हणू लागली. तिसऱ्या वाक्याला मावशी दचकून उठली.

“कोण भांडतंय?”

“कुणी नाही. ते माझं भाषण आहे,” वेनिंग म्हणाली. “तू झोपलीस, मावशी.”

“मग? रात्रभर चालणाऱ्या बाहुल्यांच्या खेळाला तुझा आजोबा उशी घेऊनच जायचा. विदूषक आले की उठायचा. म्हणून कधी बाहुल्या रुसल्या नाहीत.”

लिंतांगने मध्ये पडून विचारलं, पण एकंदर छान वाटलं ना. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की पोरीने परत खल पुढे ओढला. मग मावशीने पदर सारखा केला, उशी थोपटली, खिडकीकडे तोंड फिरवलं.

“ती आली होती,” ती म्हणाली. “तुझी आई. पाठमोरी बसून वाटत होती, केस ओले. मी म्हटलं, मीठ बेताने घाल. तर हसली. तोंड वळवणार, तेवढ्यात तू ओरडलीस. मग उठून गेली.”

गेल्या वर्षभरात मावशी आईचं नाव काढत नव्हती. काढलंच तर वेनिंग वेळेवर आली नाही म्हणून दोष देण्यापुरतं.

“पण मावशी, मला ते सांगायचंय तिला,” वेनिंग म्हणाली. “कधीचं सांगायचंय.”

“मग तिला सांग की. आम्हाला कशाला ऐकवतेस?”

एवढं बोलून मावशी पुन्हा आडवी झाली. लिंतांगला म्हणाली, तू वाटत राहा गं. हात चांगला आहे, मिरची मात्र फुकट घालवू नकोस.

सोमवारी सरांसमोर नाटक झालं तेव्हा वेनिंग उभी राहिलीच नाही. लिंतांग वाटत होती. तिच्या खांद्याला खांदा लावून वेनिंगने ते अख्खं पान म्हटलं, पण इतक्या हळू की घसर-घसरच्या वर काही येईना. समोरच्यांना फक्त ओठ हलताना दिसत होते. सर पुढे वाकले, मग आणखी वाकले, आणि शेवटी त्यांनी विचारलं, ती काय बोलते आहे, एक शब्द पोचत नाही.

“ते तुमच्यासाठी नाहीये, सर,” वेनिंग अगदी अदबीने म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी मंडपासाठी वर्गातल्या मुलांचं नदीवरचं नाटक निवडलं. हे अजून शिजू दे, रोज्यांचा महिना झाला की परत आण, असं सांगून ते गेले. वेनिंगला वाटलं होतं आपण रडू. पण ती खल धुवायला नळावर गेली, आणि लिंतांग मागोमाग आली. दोघींच्या हातांची मिरचीने आगआग होत होती.

“एक विचारू?” लिंतांग म्हणाली. “तू ते सगळं बोलतेस, तेव्हा मी नुसती वाटत बसते. मला फार जड जातं गं. मी काही उत्तर द्यायचं असतं का?”

वेनिंगने नळ बंद केला.

“आलं तर दे,” ती म्हणाली. “पण मलाच ऐकू येईल इतकंच.”