ऊर्जाचकतीचं ॲव्हरेज

साताऱ्याजवळ, यवतेश्वरच्या घाटमाथ्यावर, एका मोठ्या लॉनवर, तीनशे-साडेतीनशे माणसं श्वास रोखून एका मोटारीकडे बघत उभी होती. आणि ती मोटार माझी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे झालं त्यात फसवणारा एक होता, फसलेले पुष्कळ होते. पण स्वतः फसून वर चारचौघांना फसायला लावणारा शहाणा एकच होता. तो मी. जोतीराम यमगर, आटपाडीचा निवृत्त विज्ञानशिक्षक.

एकतीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. नारळातून लाल चिंध्या कशा निघतात, पाण्यानं दिवा कसा पेटतो, हे गावोगाव करून दाखवलं. अंगात आलेल्या बायांशी मी सभ्यपणे बोललो आणि अंगारा देणाऱ्या बुवांशी असभ्यपणे. असा माणूस त्या लॉनवर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

स्टेजवरच्या माणसाचं नाव ऊर्जागुरू ऋषिराज. जटा नाहीत, भगवं नाही. पायात पांढरे बूट, कानाला माइक.

"माझ्या पाया पडू नका!" तो गरजला. "मी बुवा नाही, मी महाराज नाही. मी सायन्स आहे!"

तिथंच मी अर्धा विरघळलो.

"विश्वात पेट्रोल आहे का? नाही! विश्वात कंपन आहे. मग तुमची गाडी पेट्रोल का मागते? कारण तिची कंपनं दुखावलीत!" असं म्हणत त्यानं बशीएवढी तांब्याची चकती वर धरली. तिच्यावर गोल गोल रेघा कोरलेल्या होत्या. "ही ऊर्जाचकती. हायब्रिड गाडी कुणाकडं आहे? हात वर करा."

माझा हात वर गेला. शाळेतसुद्धा मी इतक्या उत्साहानं कधी हात वर केला नव्हता.

आता मी तिथं गेलोच कसा, ते सांगायला हवं. चार महिन्यांपूर्वी सांगलीला जाऊन मी ही हायब्रिड गाडी घेतली. शोरूममधल्या पोरीनं सांगितलं, लिटरला सत्तावीस देते. मी आटपाडीत येऊन अठ्ठावीस सांगितलं. जो तो विचारायचा, "सर, चार्जिंगला कुठं लावता?" मग मी रस्त्यात उभा राहून व्याख्यान द्यायचो, की हिला चार्जिंग लागत नाही, हिच्यात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटारही, आपली बॅटरी ती आपणच भरून घेते. माणसं माना डोलवायची. आणि गाडी द्यायची सोळा.

चहाच्या टपरीवर तात्याबा, माझा जुना मित्र, रोज एकच प्रश्न विचारायचा, "सर, गाडी हायब्रिड हाय का तुमच्यागत रिटायर?"

ते सोळा मला सलत होतं. साताऱ्याला मुलीकडं गेलो तर जावई रविराज म्हणाला, "बाबा, एक शास्त्रीय कार्यक्रम आहे, येता का?" शास्त्रीय म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घातला.

तर ऋषिराजनं माझ्या बॉनेटला माइक लावला. "ऐका. इंजिन बंद!" मग मला म्हणाला, "गुरुजी, पुढं घ्या." गाडी आवाज न करता सुळकन सरकली. माणसांच्या तोंडून "आं!" निघालं. खरं म्हणजे हे माझी गाडी रोज सकाळी दूध आणायला निघतानाही करते. सावकाश निघालं की ती बॅटरीवरच चालते. हे मला ठाऊक होतं. तरी मीही "आं!" केलं.

"आता आधी गाडीचं संचित पुसायचं," असं म्हणून त्यानं एक बटण दाबून धरलं. मीटरवरचे ॲव्हरेजचे आकडे शून्य झाले. बॅटरीच्या दोनच रेघा उरल्या होत्या; घाट चढून दमली होती बिचारी. चकती डॅशबोर्डवर चिकटवली आणि आम्ही दोघं खाली निघालो. त्याच्या मोबाइलवरून सगळं चित्रण वर लॉनवरच्या पडद्यावर दिसत होतं.

"गुरुजी, पाय हलका. शांत. चकतीला धसमुसळेपणा चालत नाही."

घाटाच्या पायथ्याच्या बोगद्याजवळ पोचलो तेव्हा मीटरवर आकडा होता नव्व्याण्णव पॉइंट नऊ. याच्यापुढचा आकडा त्या मीटरला दाखवताच येत नाही. आणि बॅटरी काठोकाठ भरलेली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोळाचा कलंक धुऊन निघाला होता.

वर परत जायला मात्र त्याची दुसरी गाडी खाली येऊन थांबली होती. माझ्या गाडीतली ऊर्जा म्हणे 'मुरायला' हवी होती. मी माझी गाडी तिथंच बोगद्याशी मुरत ठेवली. वर गेल्यावर त्यानं माझ्या हातात माइक दिला, आणि मी, कुणी न मागता, म्हणालो, "मी एकतीस वर्षं बुवाबाजीविरुद्ध लढलो. मित्रांनो, हा चमत्कार नाही. हे विज्ञान आहे. मी स्वतः तपासलंय."

माझं हे वाक्य मी आटपाडीत पोचायच्या आत आटपाडीत पोचलं होतं. सगळ्यांच्या मोबाइलवर मी होतो. ज्यांनी आयुष्यभर कुठल्या बुवाचा गंडा बांधला नव्हता, ती माणसं घरी येऊन म्हणू लागली, "सर म्हणतात म्हणजे खरंच असणार." मी नंबर देत गेलो. पार्सलं येत गेली.

चकतीबरोबर नियमांचा एक कागद यायचा. साठच्या वर गाडी न्यायची नाही. धक्क्यानं ब्रेक मारायचा नाही. एसी सव्वीसवर. दर सोमवारी चाकातली हवा तपासायची. हे मोडलं तर चकती रुसते. मी सगळं पाळलं आणि महिन्याभरात गाडी चोवीस देऊ लागली. तात्याबासुद्धा गप्प झाला. त्यानं आपल्या जुन्या डिझेल जीपलाही चकती लावली.

माझी बायको संयोगिता एवढंच म्हणाली, "अहो, गाडी हळू चालवायला लागलात, बरं झालं." मला तिची कीव आली. एवढं विज्ञान घरात असून तिला काही कळत नव्हतं.

ऋषिराजनं मग रुपयाएवढी देहचकती काढली. रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी ते पाणी प्यायचं. "देहाचीही गाडी हायब्रिडच आहे. अर्धी अन्नावर, अर्धी ऊर्जेवर!" हे ऐकून मी जरा कचरलो. पण बोललो नाही. बोललो असतो तर चोवीसचं काय?

माझी थोरली बहीण बनुबाई आमच्या मागच्याच घरात राहते. वय बाहत्तर. तिला साखरेचा जुना आजार, रोज इन्सुलिन. एका दुपारी संयोगिता धावत आली. "आक्का हाकेला ओ देईना!"

आक्का पलंगावर पडून होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे, श्वास जोरजोरात. उशाशी तांब्याचा तांब्या आणि त्यात चकती. इन्सुलिनच्या बाटलीवर धूळ. मी तिला उचलून गाडीत घातलं. त्या दिवशी मी साठच्या वर गेलो, ब्रेक धक्क्यानं मारले, आणि चकतीची आठवणसुद्धा झाली नाही.

दवाखान्यात डॉक्टर नूरीन मुलाणी होती. माझी विद्यार्थिनी. तिचे वडील वजीर मिस्त्री यांचं गॅरेज आहे. त्या ऑइलच्या वासात अभ्यास करून ही पोरगी डॉक्टर झाली. तिनं साखर बघितली. पाचशेच्या वर. सलाइन, इन्सुलिन, धावपळ. दोन तासांनी ती बाहेर आली.

"वाचतील. पण उद्यापर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं. सर, नऊ दिवस त्यांनी इन्सुलिन घेतलेलं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, माझ्या भावानं चकती तपासलीया."

"हो, मी तपासलीय."

"कशी तपासलीत, सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. यवतेश्वर, शून्य, नव्व्याण्णव पॉइंट नऊ.

"म्हणजे वरून खाली आलात?"

"हो."

"चकती न लावता एकदा उतरून बघितलं?"

"नाही."

"चकती लावून एकदा चढून बघितलं?"

"...नाही."

"सर, उतारावर पाय उचलला की तुमच्या गाडीचं इंजिन बंद पडतं. पेट्रोल लागतच नाही, मग ॲव्हरेज नव्व्याण्णवच दाखवणार. आणि गाडी उताराला जोरानं धावायला बघते, तिला आवरताना तीच मोटार जनरेटर होते. बॅटरी भरते. अब्बांच्या गॅरेजमधला कुणीही सांगेल. चढताना जे पेट्रोल जळलं, ते त्यानं बटण दाबून पुसलं."

"पण रोजचं चोवीस?"

"नियमांमुळं. हळू चालवा, हवा नीट ठेवा, हे गाडीच्या पुस्तकात पहिल्या पाचसात पानांत असतं. पुस्तक वाचलं का?"

पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. पिशवी सीलबंद होती.

आक्का घरी आल्यावर, पुढच्या रविवारी, मी संयोगिताला घेऊन साताऱ्याला गेलो. चकती डॅशबोर्डवरून काढून पिशवीत घेतली होती. घाट चढून गेलो, बटण दाबून शून्य केलं, आणि उतरताना चकती गाडीत नको म्हणून ती कुठं ठेवावी ते बघू लागलो. संयोगितानं ती माझ्याकडून घेतली, रस्त्याकडेच्या भुट्टेवालीकडं दिली आणि म्हणाली, "मावशी, जरा सांभाळा. आलोच." खाली बोगद्यापर्यंत उतरलो. नव्व्याण्णव पॉइंट नऊ. बॅटरी भरलेली. परत वर जाऊन चकती घेतली. खाली आलो, आता चकती लावून, शून्य करून, चढाला लागलो. माथ्यावर आकडा होता नऊ पॉइंट चार.

संयोगिता हसली नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते जास्त लागलं.

लॉनवर कार्यक्रम चालूच होता. मी उभा राहिलो. लोकांनी मला ओळखलं, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच मी दोन्ही आकडे सांगितले.

ऋषिराज जराही डगमगला नाही. "बघा! गुरुजींच्या मनात शंका शिरली आणि ऊर्जा निघून गेली!" पुन्हा टाळ्या. या वेळी त्याला.

मी म्हणालो, "मग उतरताना शंका होतीच, चकतीही नव्हती, तरी नव्व्याण्णव कसं आलं? माझ्यावर विश्वास ठेवू नका. गेल्या वेळी ठेवलात, माझी बहीण मरता मरता वाचली. इथं अजून चारपाच हायब्रिड उभ्या आहेत. चकती न घेता खाली जाऊन या. फक्त आधी ते बटण दाबा."

मग लोणंदहून आलेली एक बाई आपली किल्ली घेऊन उठली. तिच्यामागं आणखी दोघं. वीस मिनिटांनी तिच्या सोबतच्यांना तिचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकायला सांगितलं. "नव्व्याण्णव पॉइंट नऊ आहे हो इथं. आणि माझ्या गाडीत नुसता गणपती आहे."

लोक हसले. एकदा लोक हसले की ऊर्जा खरोखरच निघून जाते. ऋषिराज कंपनांविषयी बोलत राहिला, पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. मी तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊन देहचकतीची तक्रार दिली. पुरावा म्हणून स्वतःचाच व्हिडिओ दिला. ठाण्यातल्या हवालदारांनी तो दोनदा बघितला. "बोलता छान, सर," म्हणाले. पुढच्या रविवारी लॉन रिकामं होतं. आता तपास चालू आहे.

आटपाडीत मी दारोदार गेलो. एकेका घरी उभं राहून "मी चुकलो" म्हणालो. एकतीस वर्षांत हे वाक्य मी शिकवलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या चार घरी नीट जमलं नाही. तात्याबानं जीपवरची चकती काढून दिली, म्हणाला, "लावल्यापासनं जीप दोनदा बंद पडली, पर तुमी शिकलेलं, म्हनून बोललो न्हाई."

आक्काकडं शेवटी गेलो. तिनं तांब्या पुढ्यात घेतला होता.

"आक्का, ती चकती दे. खोटी आहे."

"आरं जोती," ती म्हणाली, "तू म्हनलास खरी हाय, म्हनून मी घेतली. आता तूच म्हनतोयस खोटी हाय. मंग मी तुझं कवाचं खरं मानू? तवाचं का आताचं?"

याचं उत्तर विज्ञानाच्या कुठल्याच व्याख्यानात मी दिलं नव्हतं. मीही लोकांना आजवर 'मी सांगतो म्हणून' असंच सांगत आलो होतो. फक्त माझ्या अंगावर भगवं नव्हतं.

मी साखर तपासायचं छोटं मशीन आणलं. नूरीनला विचारून ठरवलं, की इन्सुलिन एक दिवसही चुकवायचं नाही, जेवण रोज सारखंच. चार दिवस चकतीचं पाणी, चार दिवस साधं. बोट आक्का स्वतः टोचणार, आकडा स्वतः वाचणार, कॅलेंडरवर स्वतः लिहिणार. मी हात लावायचा नाही.

नवव्या दिवशी तिनं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बसली.

"सारकंच हाय की रं. म्हंजी मी नुसतं पानीच पीत हुते व्हय?"

"हो, आक्का."

"आन् मला वाचवलं ते सुईनं."

"हो."

तिनं चकती उचलून माझ्या हातात ठेवली. "ही घे. आन् फुडं कवा असलं काय घरात आनलंस तर आदी मला दाव. मी तपासती."

तुम्हांला एवढंच सांगायचं आहे. कुणी भगवं घालून सांगो, पांढरे बूट घालून सांगो, की माझ्यासारखा चष्मा लावून सांगो. चकती लावून बघितलंत, तर एकदा काढूनही बघा. उतरून बघितलंत, तर एकदा चढूनही बघा. आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.