पाखरीचा चीक

माझी सासू केराबाई भांडायला उभी राहिली की टँकरचा ड्रायव्हरसुद्धा पाइप सोडून बघत बसायचा. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर तिच्या तोंडाला कोणी लागायचं नाही. मी सोलापुरात शुक्रवार पेठेत वाढलेली, बारावी झालेली. लग्न होऊन या माळावर आले आणि पहिल्या महिन्यातच तिच्या तोंडाचा धसका घेतला. पण तेच तोंड एकदा माझ्यासाठी चाललं आणि त्या जोरावर मी पुढं जगले, म्हणून आधी ते सांगते.

माझी थोरली सृष्टी लॉकडाऊनमध्ये झाली. माहेरी जायचं राहिलं, वस्तीवरच सुइणीनं सोडवलं, पोर ठणठणीत. दुसऱ्या खेपेला आम्ही मेंढरं घेऊन लांब चाऱ्याला गेलो होतो. मुलगा झाला तो माळावर, पालातच. पाखरी आमची घोडी. एरवी तिच्या पाठीवर बिऱ्हाड असतं, भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची पाटी. शहाजीनं, माझ्या नवऱ्यानं, ते सगळं उतरवलं आणि मला लेकरासकट तिच्यावर बसवलं. दवाखान्याचं गाव दिसायला लागेपर्यंत लेकरू हळद लावल्यासारखं पिवळं झालं होतं. माझ्या छातीशी होतं, ओढत होतं, मग ओढायचं थांबलं.

वस्तीवर परत आलो तर चंद्रव्वा तयारच होती. चंद्रव्वा म्हणजे सासूची जाऊ. टँकरपाशी सगळ्या बायांसमोर ती म्हणाली, “हिच्या दुधातच खोट हाय. पाजलं आन मारलं.”

केराबाईनं भरलेली घागर खाली ठेवली. “आईच्या दुधानं लेकरू मरत न्हाय, चंद्रे! ह्याच दुधावर माझी सृष्टी वाढली की. पुन्यांदा हे तोंडातनं काढलंस तर तुज्या घरचं पाणी मला इख.”

आणि खरंच तिनं जावेचा उंबरा सोडला. लग्नापासून दोघी एका ताटात जेवलेल्या, ते सगळं तोडलं, आणि तेही माझ्यासारख्या शहरातल्या सुनेसाठी, जिच्याशी ती तोवर एक शब्द धड बोलली नव्हती. माझी छाती ठणकायची, दूध पदरात वाहून जायचं, तेव्हा मी तिचं ते वाक्य मनात म्हणायचे. आईच्या दुधानं लेकरू मरत नाही. दुसरं काहीच नव्हतं माझ्याकडे.

आता पाखरीचं. वीटभट्टीवर खेचरांना मागणी असते, म्हणून शहाजी पाखरीला घोड्याऐवजी मल्लप्पाचं गाढव दाखवायला लागला होता. मल्लप्पा अक्कलकोटकडचा भट्टीवाला. त्याचं गाढव चांगलं दांडगं, पण घोडीपुढं ठेंगणंच. पाखरी माजावर आली की तिला ओढ्यातल्या खळग्यात उभी करायची आणि गाढवाला वरच्या अंगाला. बायकांनी तिकडं फिरकू नये अशी पद्धत, पण हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं केराबाईच. पहिलं शिंगरू झकास निघालं. दुसरं, माझं लेकरू गेल्यानंतरच्या वर्षी, तेही जन्मलं तेव्हा झकासच होतं. उभं राहिलं, पोटभर प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली. डोळे पिवळे, हिरड्या पिवळ्या, लघवी लाल. शहाजीनं मला बघायला बोलावलं, पण मी गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या खेपेला पाखरीचे दिवस भरत आले तेव्हा मलाही पाचवा महिना होता. जनावरांच्या डॉक्टर चैताली मॅडम मेंढरांना लस टोचायला वस्तीवर आल्या, तेव्हा शहाजीनं त्यांना मागच्या शिंगराचं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकताच हातातली सुई खाली ठेवली.

“गाढवाचं रक्त घोडीला परकं असतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या खेपेला तिच्या अंगाला त्याची ओळख होते, पुढच्या खेपेला ते त्याच्यावर उठतं. आणि ते सगळं तिच्या चिकात, पहिल्या दुधात उतरतं. शिंगरू चीक प्यायलं की संपलं. या वेळी जन्मल्या जन्मल्या तोंडाला मुसकं बांधा. दोन दिवस आईच्या कासेला लागू देऊ नका. तिचा चीक पिळायचा आणि ओतून द्यायचा. घोड्यापासून व्यालेली दुसरी घोडी बघून ठेवा, तिचा चीक पाजा. आणि इथून पुढं हिला गाढव बंद.”

 मी विचारलं, “आणि मॅडम, माणसांत?”

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. “माणसांत दुधाचा काही दोष नसतो,” त्या म्हणाल्या. “पण रक्ताचं असू शकतं, आणि ते पोटातच होतं. रक्तगट तपासलाय कधी?”

कोण तपासणार, माळावर? त्याच आठवड्यात शहाजी मला सोलापूरला घेऊन गेला. माझा गट निगेटिव्ह निघाला, शहाजीचा पॉझिटिव्ह. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाव घालून घेतलं आणि बाळंतपण इथंच करायचं म्हणून चांगला दम दिला. मी घरी येऊन केराबाईला समजावलं की दोष दुधात नाही, रक्तात आहे. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “मग घोडीचा चीक भुईवर कशापायी वतायचा? आईचा चीक! मातीत!”

शिंगरू पहाटे झालं. काळंभोर, लांब कानांचं, पायांत पाय अडकवत उभं राहिलं आणि लगेच आईच्या पोटाखाली शिरायला लागलं. शहाजीनं सुतळीचं मुसकं त्याच्या तोंडाला बांधलं, त्याला कुडाच्या पलीकडं ठेवलं आणि बिरुदेव नावाच्या ओळखीच्या मेंढक्याच्या वस्तीकडं गाडी काढली. बिरुदेवाची घोडी नुकतीच व्यालेली होती. पण तिथं ती नेमकी दुसऱ्या गावाला गेलेली, म्हणून शहाजी तिच्या मागं. मी बोटं सांडशीसारखी आवळून पाखरीला पिळलं, तीन-चार तांबे चीक निघाला, घट्ट, पिवळसर. मी तो बाभळीच्या मुळाशी ओतला. केराबाईनं तोंड फिरवलं.

शिंगरू ओरडत होतं. पाखरी कुडाला धडका देत होती, आणि मी पिळून पुरं करते न करते तोच तिच्या सडांतून पुन्हा थेंब गळत होते. ऐकवत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी त्याला बाटलीनं थोडं साखरेचं पाणी दिलं. दुपारी पाठ भरून आली म्हणून जरा आडवी झाले.

जाग आली ती शांततेनं. ओरडणं थांबलं होतं. मी तशीच धावले.

केराबाई पाखरीपाशी गुडघ्यांवर बसली होती. मुसकं तिच्या खांद्यावर लोंबत होतं. दोन्ही हातांनी तिनं शिंगराचं तोंड कासेला धरलं होतं, आणि ते शेपूट हलवत ओढत होतं. आणि दारात, पदर सावरत, चंद्रव्वा उभी होती. एवढ्या दिवसांनी माझ्या सासूनं तिला बोलावून आणलं होतं.

“बघ,” केराबाई तिला म्हणत होती. “डोळं उघडून बघ. म्हनं आईचं दूध मारतंय! कसं पितंय बघ गुलाम. उद्या ये, परवा ये, ह्ये हितंच उड्या मारत आसंल.”

“आत्या! काय केलंत हे!” मी शिंगराला मागून कवटाळून ओढलं. त्याच्या ओठांना फेस होता. पोट गच्च झालं होतं.

“सोड त्याला, सुकन्ये. तुज्यासाटनंच करतीय मी,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकत होते. “ती डाक्टरीण खरी ठरली तर ही चंद्री खरी ठरंल. कळतंय का तुला? हिला मी खरी ठरू देनार न्हाय.”

तेव्हा कुठं मला कळलं, की मला आधार देणारं ते वाक्य तिनं स्वतःच्याही जिवाला बांधून घेतलं होतं. मला तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. शहाजी संध्याकाळी किटलीभर चीक घेऊन आला. त्यानं केराबाईच्या खांद्यावरचं मुसकं पाहिलं आणि किटली तशीच भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी शिंगरू उठलं नाही. मॅडम आल्या, सलाइन लावलं, खूप खटपट केली. डोळे पिवळे झालेच. चंद्रव्वा बोलावल्याशिवाय आली, वाकून बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि काही न बोलता गेली. तिनं बोलायला हवं होतं. ती बोलली असती तर केराबाई भांडली असती. केराबाई शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली, ते गार होईपर्यंत. त्यानंतर टँकरपाशी तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

माझं बाळंतपण ठरल्याप्रमाणे सोलापुरात झालं. मुलगा झाला. पिवळा होताच. त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, त्याचं रक्त बदललं, आणि तो जगला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिनधास्त अंगावर पाज. मी त्याला घेऊन शुक्रवार पेठेत माहेरी आले.

चार दिवसांनी केराबाई आली. डाळिंबाच्या टेम्पोत बसून आली, आणि एकटी आली नव्हती. सोबत नुकती व्यालेली शेळी होती. करडू वस्तीवरच ठेवलेलं. तिनं शेळी गल्लीतल्या विजेच्या खांबाला बांधली, पाय धुतले, आत आली आणि बाळाला डोळे भरून पाहिलं. त्याची पापणी बोटानं अलगद वर करून आतला रंग पाहिला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नापासून पहिल्यांदाच फिरवला असेल.

“पोरगं जगलंय, सुकन्ये,” ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला आधी कळलंच नाही. “आता तुजं नको पाजूस त्याला. शेळी आणलीय मी.”

“आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय, दुधाचं काही नाही. आणि तुम्हीच म्हणत होता ना...”

“म्हनत हुते.” तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “ह्याच हातानं लावलं हुतं म्या त्याला कासंला.”

मी आणखी काही बोलणार होते, पण तिनं माझे पाय धरले. केराबाईनं. मी तिला धरून उठवलं.

बाहेर शेळी करडासाठी ओरडायला लागली. केराबाई तांब्या घेऊन तिचं दूध काढायला गेली. मुलगा जागा झाला, भुकेनं तोंड शोधायला लागला. मी दाराला कडी लावली, भिंतीकडे तोंड केलं, पदर ओढून घेतला आणि माझ्याच लेकराला चोरून पाजलं.