ज्याची चावी त्याच्या हाती

आमच्या बाबांनी एकतीस वर्षं सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याचं शटर उघडलं आणि बंद केलं. मधल्या वेळात तिथे पितळी बिजागऱ्या तयार व्हायच्या, पण बाबांच्या लेखी ती दुय्यम गोष्ट होती.

गाळ्याचे मालक परेशशेठ. त्यांच्याकडे एक पद्धत होती. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, मटणाचं जेवण झालं, की एकेका कामगाराने उठून सगळ्यांसमोर वर्षभराचा शब्द द्यायचा. कोणी म्हणे खाडा करणार नाही, कोणी म्हणे तंबाखू सोडीन. तंबाखूचा शब्द साधारण दिवाळीपर्यंत टिके, आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नसे. बाबा पहिल्या वर्षी उठले आणि म्हणाले, "शेठ यायच्या आधी शटर उघडीन, शेठ निघाल्यावर ओढीन, आनि चावी शेठशिवाय कोनाच्या हातात देनार नाय." पुढे दर वर्षी त्यांनी हाच शब्द दिला. दुसरं काही सुचलं नाही की गरज वाटली नाही, मला माहीत नाही. पंचविसाव्या वर्षी शेठनी त्यांच्या बोटात सोन्याची अंगठी घातली. पुढे बोट जाड झालं आणि अंगठी निघेनाशी झाली.

यंदा दिवाळीनंतर एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, शेठनी आपल्याजवळच्या चावीने शटर उघडून मशीन टेम्पोत भरल्या आणि गाळा विकून टाकला. कोणाचं देणं ठेवलं नाही, पण कोणाला सांगितलंही नाही. फोन बंद. सोमवारी सगळे आले तेव्हा बाबांनी वेळेवर शटर उघडलेलं होतं आणि आत काही नव्हतं. बाकीच्यांना आठवड्याभरात शेजारच्या गाळ्यांत कामं लागली. बाबा मात्र रोज सकाळी होळी गावातल्या आमच्या घरून निघत, साडेआठला शटर उघडत, झाडून घेत, उदबत्ती लावत आणि स्टुलावर बसत. संध्याकाळी सहाला बंद. असे सहा आठवडे गेले.

आई म्हणाली, "तुझ्या बापाला समजाव. तू शिकलेली हायेस." आईची ही समजूत मी बरीच वर्षं दूर करू पाहते आहे.

गाळा लेस्लीने घेतला होता; शेठनी त्याला नुसते कागद दिले होते आणि चावी बाबांकडून घ्यायला सांगितलं होतं. लेस्ली आमच्याच बाजूचा, पुठ्ठ्याची खोकी बनवतो, सज्जन माणूस. तो दोनदा चावी मागायला आला आणि दोनदा चहा पाजून परत गेला. चहा त्यानेच पाजला. शेवटी मला फोन केला. "हेमांगी, सोमवारी माझी मशीन येते. काकांसमोर कुलूप तोडायला मला बरं वाटनार नाय. पन तोडीन."

मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तोडू दे. मी दारात बसलेला असेन."

ते बसले असतेच. आमच्या घरात धमकी कोणी देत नाही, वेळापत्रक सांगतात. सत्तरीला आलेला माणूस, हमालांनी उचलून बाजूला ठेवायचा, ज्या दारात त्याला सगळं सातिवली ओळखतं त्याच दारात. ते चित्र काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यात माझं एम.ए. चालू. शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचं तर ते लागतं, म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी टपालाने करते आहे. त्या आठवड्याचा निबंध होता अँग्लो-सॅक्सन साहित्यातली निष्ठा, कर्तव्य आणि पदरी ठेवलेला माणूस. शनिवारी मी वही घेऊन सातिवलीला गेले आणि बाबांसमोर उलट्या बादलीवर बसले. त्यांना काही सांगायचं तर दुसऱ्या कोणाचं म्हणून सांगावं लागतं.

"हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कविता आहेत," मी म्हटलं. "त्यात सरदाराला अंगठ्या वाटणारा म्हणतात."

बाबांनी हात मांडीवरून उचलून मांडीखाली घेतला.

"तो आपल्या माणसांना मोठ्या दालनात जेवायला घालतो. ती माणसं पेला हातात घेऊन सगळ्यांसमोर शब्द देतात. लढाईत सरदार पडला तर ती मागे फिरत नाहीत. जी फिरतात त्यांची नावं कवितेत घालून ठेवतात, कायमची."

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "ह्याच्यात शिकायचं काय?"

"बाबा, सरदार पडल्यावर राहायचं. इथे कोणी पडलेलं नाही."

त्यांनी उदबत्तीची पडलेली राख पुसून घेतली. मग म्हणाले, "आनि सरदारच पळाला तर? तुझ्या पुस्तकात काय लिवलंय?"

मी पानं चाळली. पळालेल्या माणसांवर बरंच होतं. सरदार पळाल्यावर धडा नव्हता.

"मग पुस्तक अपुरं हाय," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

उपाय एकच उरला. शेठना शोधून आणायचं आणि चावी त्यांच्या हातात घालायची. मी मशीन नेणाऱ्या टेम्पोवाल्याला गाठलं आणि शेठचं घर कुठे हललं ते विचारलं. मला वाटलं होतं, सुरत म्हणेल, निदान वापी. तो म्हणाला, "घरचं सामान? ते आपल्या बोळिंजला उतरवलं." मी बोळिंजला राहते. शेठ आमच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर होते.

रविवारी सकाळी मी बेल वाजवली. शेठनी बनियनवर दार उघडलं आणि आधी माझ्या मागे बघितलं.

"रामनाथ आलाय?"

"नाही. एकटीच आहे."

त्यांनी मला आत घेतलं. मी भांडायला आले होते, म्हणून बसले नाही. "शेठ, तुम्ही पळालात," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.

भांडणाला इतकी कमी जागा मी कधी पाहिली नव्हती.

"बाकी सगळ्यांना मी सांगू शकलो असतो," शेठ म्हणाले. "रामनाथला नाही. तीन वर्षं ऑर्डर नव्हती. तरी तो शटर उघडायचा. त्याने उघडलं की मला जावं लागायचं. त्याच्या तोंडावर बंद म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून रविवारी काम उरकलं."

मी त्यांना सहा आठवड्यांचं सांगितलं. झाडू, उदबत्ती, स्टूल, लेस्ली तोडणार असलेलं कुलूप. शेठ खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "उद्या आलो आणि तो काही बोलला तर?"

"ते काही बोलत नाहीत," मी म्हटलं. "तीच तर अडचण आहे."

सोमवारी मी शाळेत रजा टाकून गेले. लेस्लीचा टेम्पो बाहेर उभा होता, हमाल चहा पीत होते, बाबा स्टुलावर दारात बसले होते. साडेनऊला रिक्षा आली आणि शेठ उतरले, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबा उठले.

"या शेठ."

एवढंच. शेठ आत जाऊन जिथे त्यांचं टेबल असायचं तिथे उभे राहिले. बाबांनी पाण्याचा ग्लास आणला. शेठनी तो पूर्ण रिकामा केला. ग्लास बाबांच्या हातात परत दिला.

"निघतो, रामनाथ."

बाबांनी झाडू, उदबत्तीचं घर आणि स्टूल बाहेर काढलं. शटर ओढलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि चावी दोन्ही हातांनी शेठना दिली. शेठनी ती लेस्लीला दिली. लेस्लीने कुलूप काढून शटर वर केलं. सगळ्याला मिळून दहा मिनिटं लागली. हमालांपैकी एकाने विचारलं की मग बंद कशाला केलं होतं, आणि लेस्लीने त्याला गप्प केलं.

परतताना रिक्षात स्टूल आमच्या दोघांच्या मध्ये होतं. माझा एवढा वेळ दाबून ठेवलेला राग बाहेर आला. "इतके दिवस कुठे होते, एवढंसुद्धा तुम्ही त्यांना विचारलं नाहीत," मी म्हटलं.

"बोळिंजला होते," बाबा म्हणाले. "तुझ्या पलीकडच्या बिल्डिंगीत."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"पयल्याच आठवड्यात तुला केळी द्यायला आलेलो ना, तवा शेठना पायलं. मला बघून ते औषधाच्या दुकानात शिरले. मी पाठ करून बस बघत उभा रायलो, ते निघून जाईस्तोवर. त्या बाजूनं बस येत नाय."

"मग तेव्हाच जाऊन चावी द्यायची."

"दारात गेलो असतो तर त्यांना कळलं असतं की मी पायलंय म्हनून. मालक लपताना दिसला, हे मालकाला कळू द्यायचं नसतं."

"आणि म्हणून सहा आठवडे तिथे बसलात?"

"कदी ना कदी येनारच होते. आले तवा शटर बंद दिसायला नको," बाबा म्हणाले, आणि सवयीने चावी चाचपायला शर्टाच्या खिशात हात घातला. घर येईपर्यंत तो हात खिशातच होता.