सामसिन आजीची बाटली

बोकसुनच्या सासरी त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर जोड्यांचा ढीग, आत अर्धं गाव. आमच्याकडे चुलीची ऊब जमिनीखालून खेळते; चुलीच्या बाजूला जिथे जमीन सगळ्यात गरम असते, तिथे काचेची बाटली ठेवलेली. तिच्यात गढूळ लघवी, तळाला विटकरी गाळ. रात्रभर बाहेर आंबवणाच्या मडक्यांच्या चौथऱ्यावर ठेवून ती आत्ताच आणली होती. बोकसुनच्या पोटातल्या बाळाचा कौल लावायला चोंवोल भगतीण तिच्यासमोर ढोलकं बडवत होती.

"बघा, सामसिन आजीचा कोप! बाळं देणारी आजी रुसलीय. घरात पोटुशी सून असताना चूल कुणी लिंपली?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मीच मेलीनं! धूर कोंडत होता हो!"

बोकसुनला आठवा महिना. भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, पाय जोड्यात जाईनात. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दवाखान्याचं नाव काढलं की चोंवोल म्हणे, "सुई टोचलीत तर आजी बाळ परत नेईल!"

ढोलकं चढत गेलं. पाऊण तासानं गाळ विरघळला, बाटली आरपार दिसू लागली!

"निवळली! कोप गेला! मुलगाच होणार!"

बायकांनी जमिनीला डोकी टेकली. मी शेजारीण. मागून विचारलं, "मुलगा नक्की ना, चोंवोलबाई?"

"आजीचा शब्द आहे!"

"मग माझ्या नवऱ्याला कुणीतरी धरा. ती बाटली माझी आहे."

मला एक्कावन्नावं लागलंय, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. माझी बाटली मी रात्रभर माझ्याच चौथऱ्यावर ठेवली होती आणि सकाळी बोकसुनच्या बाटलीच्या जागी सरकवली होती.

"हिवाळ्यात हाडांचा रस्सा बाहेर थिजतो, गरम जमिनीवर पातळ होतो. तेव्हा कोण ढोलकं बडवतं गं?"

"म्हणजे माझी ठेवली असती तर मलाही मुलगा?" म्हातारे सरपंच म्हणाले. खोली खदखदून हसली.

चोंवोल पिसाळली. "बाळ गेलं तर तुझ्या माथी!"

हसू थांबलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात बोकसुन भिंत धरून उठली.

"आई, मला सगळं दोन-दोन दिसतंय. बाळ माझं आहे. कोबीचा ट्रक तालुक्याला निघतोय, त्यातनं मी दवाखान्यात जाणार. अडवायचं तर अडवा."

सासूबाईंनी सासऱ्यांचे रुंद जोडे आणून तिच्यापुढे ठेवले.

दवाखान्यात रक्तदाब निघाला एकशे ऐंशी. लघवीत प्रोटीन, रक्तात युरिक अ‍ॅसिड चढलेलं.

मी सोबत गेले होते; बाटलीचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "बाटलीतला गाळ युरिक अ‍ॅसिडच्या क्षारांचा. गारठ्यात कुणाच्याही लघवीत बसतो, उबेत विरघळतो. त्यावरून काहीच कळत नाही. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलाय. पण सगळ्यात आधी बघायचा तो रक्तदाब. आणखी एक दिवस गेला असता तर झटके आले असते."

बाळ लवकर काढावं लागलं. दीड किलोची मुलगी. रडली मात्र अशी की वॉर्ड दणाणला.

चोंवोल अजून ढोलकं बडवते, शेजारच्या खोऱ्यात. म्हणून हे लिहिलं. पोटुशीचं तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तर कुणाचा कोप ते शोधत बसू नका. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या, रक्तदाब मोजा. आणि बायांनो, कुणी नेत नसेल तर स्वतः उठा. दार अडवून कुणीही उभं असो, त्याला बाजूला सारा.