शोकेसमधला लाल मिक्सर

मी एक जुना मिक्सर आहे. पण चटणी वाटणारा नव्हे. केक फेटायचा, कणीक मळायचा, उभ्या मानेचा, आणि रंगाने लालभडक. आमगावच्या एका घरात मी राहतो. मित्रांनो, एरवी शाळेच्या निबंधात अशी गोष्ट सांगणारी छत्री किंवा पाटी फार गोड बोलते. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला किळस येते. माणसांच्या डौलाची येते आणि त्या डौलापायी माझ्या पोटात जे सडले, त्याचीही येते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला बाहेरून असा रंग चढवला की बघणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसावा. आत मात्र दातेरी चाके बसवली ती प्लास्टिकची. खाली काचेचे भांडे दिले. मग खोक्यात घालून मला गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात पाठवले. तिथे माझ्या शेजारी एक राखाडी मिक्सर होता. बुटका, जड, स्टीलच्या भांड्याचा. गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे आणि मला मनातून त्याचे बरे वाटे.

दोन हजार बाराच्या दिवाळीआधी भूपेंद्र आणि चंदा हे जोडपे दुकानात आले. भूपेंद्र राईस मिलमध्ये देखरेखीला होता. चंदा महिलांच्या वर्गात केक करायला शिकली होती आणि तिला घरून केक करून द्यायचे होते. अडचण तिच्या उजव्या मनगटाची होती. भाताच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून तिचे हाड मोडले होते आणि ते वाकडेच जुळले. थोडा वेळ फेटले की हात सुजायचा. मशीन मिळाले तर तिचे काम होणार होते, नाही तर ते स्वप्न तिथेच संपणार होते.

चंदाने माझे बटण फिरवले, मान उचलून पाहिली, भांडे वाजवले. मग ती राखाडीकडे गेली आणि तिथून हललीच नाही. त्याचेही बटण फिरवून पाहिल्यावर, तो सगळ्यात कमी वेगावरही जोर धरतो, हे तिच्या लक्षात आले होते. पण दुकानाचा शेठ हसून म्हणाला, “बहनजी, वो तो हलवाई का माल है. घर में लाल ही जमेगा.” भूपेंद्रची मान लगेच डोलली. हॉलमधल्या शोकेसमध्ये मी कसा दिसेन, हे त्याला तिथूनच दिसू लागले होते. वापरणार कोण, हे शेठ आणि भूपेंद्र या दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

घरी आल्यावर मला स्वयंपाकघराचे दर्शनही झाले नाही. टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, माझ्या अंगावरचे पातळ प्लास्टिक न काढता, झालरीचे कव्हर घालून मला बसवले. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे कव्हर वर करायचे, बटणावर बोट ठेवायचे, “फॉरेन टाईप आहे” म्हणायचे आणि पुन्हा कव्हर खाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेली बोटे माझ्या गालावरून फिरायची. शी! चंदाने मागितले की भूपेंद्र म्हणे, पीठ लागून खराब होईल. तिकडे हॉलच्या दाराशी बसून ती डाव्या हाताने भांडे धरून उजव्या हाताने फेटत राही. मनगटाला ओला फडका बांधलेला असे. मी हे झालरीखालून, शोकेसच्या काचेतून वर्षभर पाहिले.

पुढच्या दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली. मंडईला आमच्याकडे घरोघर पाहुणे येतात, तसे भूपेंद्रचे साळे-मेव्हणे तिरोड्याहून आले. पाहुण्यांसाठी लांबरोटी करायचे ठरले. मित्रांनो, लांबरोटीची कणीक फार सैल असते. ती परातीत आपटून आपटून अशी चिवट करतात की हातावर ओढणीसारखी लांबते. मग ती चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकतात. भूपेंद्रची आई जमुनाबाई अंगणात ती कणीक आपटत बसली होती.

त्याच संध्याकाळी चंदाला शेजारच्या रश्मीच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक द्यायचा होता. रश्मी शाळेत मास्तरीण. तिची ऑर्डर नीट गेली तर सगळ्या शाळेत नाव होणार होते. चंदाने सकाळीच हात जोडल्यासारखे करून मला मागितले होते आणि भूपेंद्रने चक्क होकार दिला होता. मीही हुरळलो. एकदा तरी माझ्या भांड्यात साखर आणि लोणी पडेल म्हणून.

पण मेव्हण्यांपुढे त्याला राहवले नाही. शोकेसमधून मला काढून त्याने अंगणात आणले. “कायले हात दुखवून राहिली माय, मशीन आहे ना,” असे आईला म्हणत त्याने परातीतली सगळी कणीक माझ्या भांड्यात कोंबली आणि बटण थेट शेवटच्या आकड्यावर नेले.

चंदा धावत आली. “हळू ठेवा जी. हे पीठ वर चढते.”

त्याने ऐकले नाही. कणीक मळायच्या हुकाला गुंडाळत वर चढली आणि माझ्या मानेच्या फटीतून आत शिरली. आत काहीतरी कडकडले. माझ्या चाकांचे दात गेले. मेव्हणे खो-खो हसले. भूपेंद्रने घाईघाईने मला बाहेरून पुसले, कव्हर घातले आणि पुन्हा शोकेसमध्ये ठेवले. गळ्यात कणकेचा गोळा तसाच. मशीन बिघडले, हे त्याने तिरोड्याच्या लोकांना तर सांगितले नाहीच, स्वतःच्या मनालाही सांगितले नाही.

त्या संध्याकाळी चंदाने केक हाताने फेटला. हात मध्येच थांबला, पुन्हा चालला, पुन्हा थांबला. केक मधोमध बसला. रश्मी तो तसाच घेऊन गेली. नंतर तिच्या शाळेतून एकही ऑर्डर आली नाही.

आता माझ्या गळ्यातल्या गोळ्याचे सांगतो. जेवत असाल तर ताट बाजूला ठेवा. तो आधी आंबला, फुगला आणि त्याचे पाणी माझ्या पोटात उतरले. मग त्याला हिरवी-काळी बुरशी आली. त्या वासाने झुरळे आली आणि त्यांनी माझ्या मोटरीशेजारी अंडी घातली. बाहेरून मी तसाच लाल, तसाच चकचकीत. हॉलमध्ये वास सुटला तेव्हा भूपेंद्रने आधी नालीला दोष दिला, मग मेलेल्या उंदराला, मग आईच्या तंबाखूला. माझ्यासमोर उदबत्ती लावली. कव्हर मात्र उचलले नाही. किळस येऊ नये म्हणता?

एक दिवस पाहुणे बसलेले असताना जमुनाबाई उठली, तिने कव्हर काढले, माझ्या मानेशी नाक नेले आणि मुलाकडे वळली.

“उंदीर नाही होय बाबू. तुझा डौल सडून राहिला हिथं.”

भूपेंद्र खाली मान घालून बसला. पाहुणे गेल्यावर जमुनाबाईने मला कापडी पिशवीत घातले, लांबरोटीच्या कणकेचा डबा भरला आणि सुनेला घेऊन गोंदियाची गाडी पकडली. गाडीतले लोक पिशवीकडे पाहून सरकून बसत होते.

शेठने पिशवीत डोकावून तोंड फिरवले. हा परत घेणार नाही म्हणाला. राखाडी मिक्सर अजून त्याच जागी होता, डोक्यावर धूळ घेऊन. चंदाने डबा उघडला तेव्हा शेठ म्हणाला, “दुकान में आटा नहीं डालते, माताजी.”

“मंग आमी बी पैसे नाही टाकत,” जमुनाबाई म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली.

शेवटी शेठने वायर जोडली. चंदाने कणीक घातली आणि बटण पहिल्या आकड्यावर ठेवले. कणीक थोडी वर चढली, मग जड होऊन खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा आली. चंदा राखाडीच्या डोक्यावर डावा तळवा ठेवून उभी होती. तो तापतो का, धडधडतो का, ते पाहत होती. कणीक ओढणीसारखी लांबली तेव्हा तिने सासूकडे पाहिले. “बाई, हाच मले तेव्हा पाहिजे होता.”

जमुनाबाईने राखाडीचे पैसे मोजले आणि मी पिशवीतच परत आलो. माझ्या काचेच्या भांड्यात आता कोंबड्या पाणी पितात. धड स्वयंपाकघराच्या माळ्यावर पडले आहे आणि तिथून मला ओटा दिसतो. राखाडीच्या अंगावर मैदा उडालेला असतो, त्याला कोणी पाहुण्यांना दाखवत नाही. रश्मीच्या मुलीचा पुढचा केक त्यानेच फेटला आणि रश्मी तो न्यायला मुलीला घेऊन स्वतः आली.

मित्रांनो, तुमच्या घरी वस्तू आणायची असेल तर ती रोज ज्याच्या हाती राहणार, त्याला निवडू द्या. आणि वस्तू बाहेरून पुसाल तेव्हा आतही एकदा नाक घालून पाहा.

परवा भूपेंद्रने बाजारातून एक नवे कव्हर आणले. झालरीचे, माझ्याच कव्हरासारखे. राखाडीला घाल म्हणून त्याने ते ओट्यावर ठेवले. चंदाचे नुकतेच मळून झाले होते. तिने कव्हर उचलले, नळाखाली भिजवले, पिळले आणि त्याच कव्हराने राखाडीच्या मानेच्या फटीतली कणीक पुसून काढली. भूपेंद्र पाहत राहिला. मग त्यानेच ते घेतले आणि पुन्हा धुऊन तिच्या हातात दिले.

इतक्या वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदा किळस आली नाही.