डावं बटण आणि पुलावरचा राक्षस

मित्रांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. अंगठ्याशेजारचं बोट उचला आणि टेबलावर मारा. पुन्हा मारा. असं दोनशे वेळा करायचं आहे आणि बहुतेक वेळा समोरून कुणीतरी म्हणणार आहे, "चुकलं." का चुकलं, ते मात्र सांगणार नाही. बोट दुखायला लागलं? मग आता समजा, की तुम्ही ते बोट नाही, बोटाखाली मार खाणारं टेबल आहात. आता माझी कथा तुम्हाला नीट कळेल. मी एक जुना माऊस आहे. संगणकाच्या शेजारी शेपटी लांब करून बसतो, तो.

माझ्या पाठीवर दोन बटणं आहेत आणि पोटात एक रबरी गोळी आहे. गोळी टेबलावर गडगडते तसा पडद्यावरचा बाण सरकतो. म्हणजे ही गोळी माझे पाय आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझी पहिली नोकरी साताऱ्यात, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती. तिथे विनोदिनीबाई मला वापरत. कागदाला टाचणी लावावी तसं त्या माझं बटण दाबत, एकदाच आणि हलकेच. डबा खाऊन झाल्यावर हात धुऊन पुसल्याशिवाय त्या मला शिवत नसत. "माझा उंदीर गुणाचा आहे हं," असं त्या साऱ्यांना सांगत. कौतुकाचे तेच दिवस. १९९८ साली ऑफिसात नवे संगणक आले आणि स्टोअरमधले सुमंतराव आम्हा जुन्यांना घरी घेऊन गेले.

घरात त्यांची मुलगी सृष्टी होती, सहावीतली. पलूसहून शिकायला आलेला तिचा चुलतभाऊ जयराज होता, सातवीतला. आणि दोघांचे आज्जा होते, निवृत्त सुभेदार नानासो. पहिला महिना बरा गेला. मग जयराजने मित्राकडून एक गेम आणला आणि माझ्या हालांना सुरुवात झाली.

त्या गेममध्ये आधी आपला वीर निवडायचा असे. धनुष्यवाला किंवा तलवारवाला. मग गुहा, जंगलं, गावं ओलांडत जायचं. वाटेत लोक भेटतात, कोडी घालतात, कामं सांगतात. हे सगळं छान होतं, मी नावं ठेवणार नाही. पण लढाई! धनुष्यवाल्या जयराजचं बरं होतं. झाडाआड जायचं, नेम धरायचा, एकदा दाबायचं. सृष्टीने घेतली तलवार. तलवारवाल्याने काय करायचं, तर राक्षसाच्या पोटाला चिकटून उभं राहायचं आणि माझं डावं बटण बडवायचं. संगणक आतल्या आत फासे टाकतो आणि वार लागला की चुकला ते तोच ठरवतो. पडद्याच्या तळाशी शब्द उमटतो, 'मिस'. पुन्हा 'मिस'. राक्षस हातभर अंतरावर उभा, डोंगराएवढा, तरी 'मिस'! मी तर म्हणतो, आंधळ्याचाही वार लागला असता. यात हाताला शिकण्यासारखं काही नाही आणि डोक्यालाही नाही. लोक याला मजा म्हणतात. मी ऑफिसातून आलेला, मला काय कळणार!

सृष्टीची गाडी एका पुलावर अडली होती. पुलावर गदा घेतलेला राक्षस होता. जयराज शीळ घालत त्याला पार करून गेला होता. सृष्टी बावीस वेळा मेली होती.

"अगं, धनुष्य घे की!" जयराज म्हणायचा. "लांबनं टिपायचं आन् पळायचं. किती येळ त्याच्या पोटाला चिकटून ऱ्हाणार हाईस?"

"लांबून भित्रे मारतात," सृष्टी म्हणायची. "आपल्या देव्हाऱ्यात काय आहे? तलवारच ना?"

तेही खरंच होतं. त्यांच्या घरी जुनी तलवार होती आणि दर खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिची पूजा होई. त्या वर्षी नानासोंनी पाटावर तलवार ठेवली, विळा ठेवला, सुमंतरावांचे पाने आणि पक्कड ठेवली. सृष्टीने माझी शेपटी सोडवली आणि मलाही तलवारीशेजारी नेऊन ठेवलं.

"ह्यो उंदीर कशापायी?" नानासोंनी विचारलं.

"आज्जा, मी यानेच तलवार चालवते."

नानासो हसले नाहीत. "मग शस्त्रच की ते," म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर पाणी शिंपडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता आणि एक झेंडू वाहिला. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हात जोडत होतं. पण मित्रांनो, तलवारीला पोट नसतं. मला आहे! ते ओलं कुंकू माझ्या फटींतून आत उतरलं, गोळीला चिकटलं, आणि वाळून घट्ट बसलं.

मग काय होणार? गोळी अडकू लागली. सृष्टीने डावीकडे सरकवलं की वीर जागीच थांबे, आणि ती कंटाळून थांबली की तो तरातरा राक्षसाकडे जाई. शिव्या मला. "मेला माऊस!" म्हणून तिने मला टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा, चारदा. ज्या हातांनी मला पूजेला नेऊन ठेवलं तेच हे हात. मला हुंदका येत नाही म्हणून, नाहीतर आला असता.

आवाज ऐकून सुमंतराव आतून आले. "सृष्टी, आता शेवटचं सांगतो. हा माऊस मोडला, की त्याच दिवशी मी तो गेम पुसून टाकणार. दुसरा माऊस आणायचा नाही."

सृष्टीचं तोंड उतरलं. तिला पूल ओलांडायचा होता. माझं डावं बटण तर आताच दोनदा दाबल्यावर एकदा ऐकत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ती पुन्हा पुलावर उभी राहिली. नानासो मागे कॉटवर पेपर वाचत होते. तेविसाव्यांदा वीर आडवा झाला, तेव्हा पेपर खाली आला.

"आगं, ह्यो तुझा गडी हलत का न्हाई? खुंटीला बांधलाय व्हय?"

"आज्जा, लांबनं मारायचं असतंय," जयराज म्हणाला. "ही ऐकतच न्हाई."

"सांगितलं ना तुला, लांबून भित्रे मारतात!" सृष्टी ओरडली.

नानासोंनी पेपराची घडी घातली. "मग मी भित्रा व्हय गं?"

सृष्टीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सव्वीस वर्सं तोफखान्यात काढली. आमचा गोळा आठ मैलांवर पडायचा. म्होरचा माणूस कवा डोळ्यांनी दिसला न्हाई." त्यांनी पेपर उशाशी ठेवला. "ते ऱ्हाऊ दे. तुला तलवारच पायजे न्हवं? ऊठ."

त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. पाटणकडच्या गावी, लहानपणी तालमीत ते लाठी शिकले होते. "हात कुणाचाबी हलतोय. पाय हलला पायजे. त्यानं गदा उचलली की मागं. गदा भुईला टेकली की म्होरं. एकच मार. परत मागं!" ते सत्तरीतले आज्जा असे सर्रकन मागे सरले, की काठीचं टोक भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं आणि ते खाली आलं.

"आज्जा, कॅलेंडर मेलं!" जयराज लोळून हसला.

सृष्टी हसली नाही. ती पडद्याकडे पळाली. राक्षसाने गदा उचलली, खाली आपटली, आणि खरंच, पुन्हा उचलायला त्याला वेळ लागत होता. तेवीस मरणांत हे तिला दिसलंच नव्हतं, कारण ती बटण बडवत होती. तिने मला मागे ओढलं. पण माझे पाय कुंकवात रुतलेले! वीर गदेखाली सापडला आणि मेला.

सृष्टीने मला उचललं. हात डोक्याच्या वर गेला. मी म्हटलं, संपलं. मी गेलो, माझ्यामागे गेमही गेला.

हात वरच थांबला. तिच्या बोटांना लाल काहीतरी लागलं होतं.

"आज्जा, हे कुंकू आहे," ती म्हणाली.

नानासोंनी चष्मा लावून पाहिलं. "आयला," ते हळूच म्हणाले, "ह्यो माझाच परताप."

सृष्टीने मला उताणं केलं. पोटावरची चकती फिरवली, गोळी काढली आणि फ्रॉकच्या टोकाने पुसली. आतल्या चाकांवरची लाल खपली तिने नखाने खरवडली. डाव्या बटणाच्या फटीत अक्षतेचा एक दाणा अडकला होता, तो टाचणीने काढला. इतकी वर्षं झाली होती माझ्या पोटात कुणी पाहिल्याला!

मग ती पुन्हा पुलावर गेली. गदा वर, आम्ही मागे. गदा खाली, आम्ही पुढे, एक वार. काही वार तरीही चुकले, फासे शेवटी फासेच. पण आता चुकलेल्या वारानंतरही काहीतरी करायचं असे. गोळी सरसर फिरत होती आणि बटणाला मधे मधे श्वास घ्यायला मिळत होता. जयराज दम रोखून मोजत होता. अकराव्या दाबाला राक्षस पुलावरून खाली नदीत गेला.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, की असल्या गेममधली तलवारीची लढाई मजेची असते का, तर मी चिडूनच सांगतो, नुसतं बडवणार असाल तर मुळीच नाही. राक्षस पडताच जयराजने टाळी वाजवली. "आता पूल वलांड की!" तो म्हणाला.

सृष्टीने पूल ओलांडला नाही. तिने तो डाव जपून ठेवला आणि नवा सुरू केला. वीर निवडायचा पडदा आला तेव्हा तिने धनुष्यवाला घेतला. मग खुर्चीवरून उठून नानासोंचा हात धरला आणि त्यांना तिथे बसवलं. तो मोठा, खरखरीत हात तिने माझ्या पाठीवर ठेवला आणि त्यांचं बोट डाव्या बटणावर टेकवलं.

"आज्जा, तुम्ही लांबून मारा," ती म्हणाली. "पण एकदाच दाबायचं हं. हळू."